संधिस्फुटन : स्वभाव की व्याधी?

प्रास्ताविक

कापसाच्या वेचणीचे दिवस सुरू झाले, की आमच्या वर्धा जिल्ह्यातील दवाखान्यांत संधींच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढू लागते. दिवसभर बोंडांतून कापूस ओढणारी बोटे, त्याआधी पावसाळ्यात निंदणासाठी तासन्‌तास उकिडवे बसून शिणलेले गुडघे, आणि त्यात भर म्हणून थंडी. वातप्रकोपाची सर्व कारणे येथे एकत्र येतात. या रुग्णांची चिकित्सा आपण सर्वजण करीत आहोतच. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र थोडा निराळा आहे. याच गर्दीत काही माणसे अशी येतात, की ज्यांना वेदना नसते, सूज नसते, हालचालीस अडथळा नसतो. त्यांची तक्रार एकच असते. "टोंगळे कटकट वाजतात", किंवा "पोरगा सारखा बोटे मोडत असतो, याची हाडे झिजतील का?"

प्रश्न साधा वाटतो आणि म्हणूनच त्याचे उत्तर आपण बहुधा विचार न करता देतो. कोणी "वात वाढला आहे" असे सांगून गुग्गुळाची डबी हाती देतो, तर कोणी "काही होत नाही" असे म्हणून रुग्णास परत पाठवितो. ही दोन्ही उत्तरे काही रुग्णांच्या बाबतीत बरोबर आणि काहींच्या बाबतीत घातक ठरतात. कोणते उत्तर कोणाला द्यावयाचे, हे ठरविण्यासाठी शास्त्राने या शब्दाविषयी काय सांगितले आहे आणि अर्वाचीन संशोधनातून काय हाती आले आहे, याचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे.

संधिविकार आपल्या ग्रामीण भागात किती व्यापक आहेत, याची कल्पना पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीवरून येते. तेथे ४०९२ प्रौढ व्यक्तींपैकी १८.२ टक्के लोकांना अस्थी, संधी व मांसपेशींशी संबंधित वेदना असल्याचे आढळले. इतक्या मोठ्या संख्येत खरा व्याधी कोणता व केवळ शब्द कोणता, हे निवडण्याचे काम अखेर गावातल्या वैद्याकडे आणि औषधविक्रेत्याकडेच येते.

लोकसमज

आपल्याकडे बोटे मोडणे अशुभ मानले जाते. "बोटे मोडू नकोस, घरात दारिद्र्य येते" असे प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असते. एखाद्याच्या नावाने बोटे मोडणे म्हणजे त्याला शाप देणे. परंतु तीच आजी नातवाची दृष्ट काढताना त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडते आणि जितकी अधिक बोटे वाजतील तितकी दृष्ट अधिक होती असे समजते. एकाच शब्दाला एका प्रसंगी अशुभ व दुसऱ्या प्रसंगी शुभ मानणारी ही लोकरीत गमतीची वाटेल. पुढे आपण पाहू, की संदर्भावरून शब्दाचा अर्थ बदलतो ही गोष्ट आचार्यांनीही मान्य केली आहे. अर्थात त्यांचे संदर्भ शकुनाचे नसून शरीराचे आहेत.

शास्त्रविचार : संधींचे शारीर

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात संधींची संख्या दोनशे दहा सांगून त्यांचे कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुण्ड, मण्डल व शंखावर्त असे आठ प्रकार वर्णिले आहेत. बोटे, मणिबंध, गुल्फ, जानु व कूर्पर येथील संधी कोर प्रकारचे, तर ग्रीवा व पृष्ठवंश येथील संधी प्रतर प्रकारचे होत. हा भेद येथे मुद्दाम नमूद करीत आहोत. बोट मोडणे आणि मान मोडणे यांस लोक एकाच मापाने मोजतात. वस्तुतः त्या दोन भिन्न प्रकारच्या संधींवरील क्रिया आहेत आणि त्यांचे धोकेही भिन्न आहेत.

चौथी श्लेष्मधरा कला सर्व संधींत असते. तिचे कार्य सांगताना सुश्रुताचार्यांनी वंगण घातलेल्या आखावर सहज फिरणाऱ्या चाकाचा दृष्टान्त दिला आहे. चरकाचार्यांनीही अभ्यंगाचे गुण सांगताना तेल दिलेल्या आखाचा उल्लेख केला आहे. वाग्भटाचार्यांनी संधींत राहून त्यांना जोडून ठेवणाऱ्या या कफास श्लेषक असे नाव दिले. ज्यांनी बंडीच्या आखाला वंगण घातले आहे, त्या आपल्या शेतकरी रुग्णांना हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. वंगण संपले की बंडी करकरते, हे ते जाणतात. परंतु येथेच एक गफलत होते. बंडीची प्रत्येक करकर वंगण संपल्याचीच असते, म्हणून शरीरातील प्रत्येक शब्दही श्लेषक कफाच्या क्षयाचाच असला पाहिजे, असे अनुमान रुग्ण करतो आणि पुष्कळदा वैद्यही करतो. ग्रंथ मात्र तसे म्हणत नाहीत.

ग्रंथांत शब्दाचे पाच संदर्भ

संधींच्या शब्दाचा उल्लेख निरनिराळ्या स्थळी आला आहे आणि प्रत्येक स्थळी त्याचा अर्थ वेगळा आहे. ही स्थळे एकत्र ठेवून वाचली, की विषय पुष्कळसा स्पष्ट होतो.

पहिले स्थळ चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथा अध्याय. तेथे प्रत्यक्ष परीक्षेत श्रोत्रेंद्रियाने जाणावयाच्या गोष्टींत आंत्रकूजन व स्वरविशेष यांच्या सोबतच संधींचे आणि अंगुलीपर्वांचे स्फुटन सांगितले आहे. म्हणजे हा शब्द ऐकणे हे वैद्याचे कर्तव्यच आहे. तो परीक्षेचा विषय आहे, निष्कर्ष नव्हे.

दुसरे स्थळ इंद्रियस्थानातील परिमर्शनीय अध्याय. वैद्याने रुग्णाची बोटे ओढून पाहावीत आणि ओढल्यावर ती वाजली नाहीत तर ते अरिष्ट समजावे, असा तेथील आशय आहे. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. बोट ओढल्यावर शब्द होणे ही आचार्यांच्या मते जिवंत शरीराची स्वाभाविक गोष्ट आहे आणि चिंता करावयाची ती शब्दाच्या अभावाची. आज बोटे वाजत नाहीत एवढ्यावरून कोणी अरिष्ट सांगणार नाही, सांगूही नये, कारण अनेक निरोगी व्यक्तींची बोटे वाजतच नाहीत. परंतु बोटे वाजणे हाच रोग, असे मानणाऱ्यास या स्थळी आधार सापडत नाही, एवढे निश्चित.

तिसरे स्थळ विमानस्थानाचा आठवा अध्याय. वातप्रकृतीच्या पुरुषाची लक्षणे सांगताना वायूच्या विशद गुणामुळे चालताना त्याच्या संधींचा सतत शब्द होतो असे वर्णन आहे. ही प्रकृती आहे, विकृती नव्हे. कृश बांधा, रूक्ष त्वचा, चपळ हालचाली आणि जन्मापासून वाजणारे संधी असा मनुष्य निरोगी असू शकतो. त्यास सांभाळावयाचे असते, बरे करावयाचे नसते.

चौथे स्थळ सूत्रस्थानाचा सतरावा अध्याय. तेथे मेदक्षयाच्या लक्षणांत संधिस्फुटन आले आहे. त्याच्या जोडीला डोळ्यांची ग्लानी, आयास व उदराचे कृशत्व सांगितले आहे. येथे शब्द लक्षण ठरतो, पण एकटा नव्हे. तो आपल्या सोबत्यांसह आला तरच.

पाचवे स्थळ संधिगतवाताचे. चरकाचार्यांनी हवा भरलेल्या पखालीप्रमाणे स्पर्श, शोथ आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी वेदना ही लक्षणे सांगितली. सुश्रुताचार्यांनी संधींचा नाश, शूल व शोफ सांगितले. माधवनिदानात शोफाच्या जागी आटोप असा पाठ मिळतो आणि त्याचा अर्थ अनेक विद्वान संधींतील शब्द असा करतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की येथेही आटोप शूलाच्या जोडीनेच आला आहे.

या पाचही स्थळांचा एकत्रित अर्थ आम्ही असा घेतो. शब्द सर्वत्र एकच, पण तो कोणासोबत येतो यावरून तो स्वभाव की व्याधी हे ठरते.

शब्द कसा उत्पन्न होतो

संधीच्या पोकळीतील द्रवात वायू विरघळलेला असतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोठे असते. बोट ओढले किंवा वाकविले, की संधीचे दोन पृष्ठभाग एकदम विलग होतात, आतील दाब घटतो आणि द्रवात पोकळी निर्माण होते. १९४७ साली लंडन येथील रॉस्टन व व्हीलर हेन्स या संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही पोकळी दाखविली. १९७१ साली लीड्स येथील अन्सवर्थ, डाउसन व राइट यांनी असे प्रतिपादन केले, की शब्द हा बुडबुडा फुटल्यामुळे होतो. एकदा वाजलेले बोट पुन्हा वाजण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात, कारण तेवढ्या वेळात वायू पुन्हा द्रवात विरघळतो.

पुढे २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या कॉचुक व सहकाऱ्यांनी चुंबकीय प्रतिमांची चलत्‌चित्रे घेतली. शब्द होण्याच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसते आणि नंतरही ती टिकून राहते, असे त्यांना आढळले. म्हणजे शब्द फुटण्याचा नसून पोकळी निर्माण होण्याचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने बुडबुडा अंशतः कोसळण्यातूनही एवढा मोठा शब्द होऊ शकतो असे दाखविले. हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. आपल्यापुरता निष्कर्ष मात्र दोन्ही पक्षी सारखाच आहे. बोट मोडताना हाडावर हाड आपटत नाही आणि हाड झिजतही नाही. तो शब्द द्रव व वायूचा आहे.

सर्वच शब्द असे नसतात. दुसरा प्रकार स्नायूचा. खांदा, वंक्षण किंवा घोटा हलविताना एखादा स्नायू अस्थीच्या उंचवट्यावरून सरकतो व टक्‌ असा आवाज होतो. हा शब्द प्रत्येक हालचालीबरोबर लगेच पुन्हा होतो, त्यास वीस मिनिटांची वाट पाहावी लागत नाही. वेदना नसेल तर तोही बहुधा निरुपद्रवी असतो. तिसरा प्रकार घर्षणाचा. गुडघ्यावर तळहात ठेवून रुग्णास पाय दुमडण्यास व पसरण्यास सांगावे. हाताखाली वाळू दळल्यासारखी करकर लागली तर तो घर्षणशब्द होय. व्याधीचा विचार प्रामुख्याने या तिसऱ्या प्रकारात करावा लागतो.

बोटे मोडल्याने अपाय होतो काय?

या प्रश्नाचा शोध पाश्चात्त्य वैद्यकात काही वेळा घेतला गेला आहे. १९७५ साली एका वृद्धाश्रमातील २८ व्यक्तींच्या पाहणीत बोटे मोडण्याची सवय व हातांच्या संधींची झीज यांचा संबंध आढळला नाही. १९९० साली ३०० व्यक्तींच्या पाहणीतही संधिविकार वाढल्याचे दिसले नाही, मात्र सवय असलेल्यांत हातास सूज व पकडीची शक्ती कमी असल्याचे नोंदविले गेले. २०११ साली ५० ते ८९ वर्षे वयाच्या २१५ व्यक्तींचे क्ष-किरण तपासण्यात आले. बोटे मोडणाऱ्यांत हाताच्या संधींची झीज १८.१ टक्के, तर न मोडणाऱ्यांत २१.५ टक्के होती. म्हणजे सवयीमुळे झीज वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१७ साली ४० व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात बोटे मोडल्यावर लगेच सूज अथवा अशक्तता आढळली नाही. त्यामुळे १९९० सालच्या नोंदीस पुष्टी मिळत नाही, पण ती सर्वस्वी विसरावी असेही नाही.

अमेरिकेतील डोनाल्ड उंगर या वैद्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. बालपणी मिळालेल्या धाकाची परीक्षा पाहण्यासाठी त्याने पन्नास वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे रोज किमान दोनदा मोडली व उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. १९९८ साली त्याने दोन्ही हातांत संधिविकार नसल्याचे प्रसिद्ध केले व २००९ साली त्यास विनोदी संशोधनासाठीचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. एका व्यक्तीवरून सिद्धान्त ठरत नाही, हे सांगणे नलगे. परंतु मोठ्या पाहण्यांची दिशाही तीच आहे.

मग बोटे खुशाल मोडावीत काय? आमचे उत्तर असे, की औषध देऊ नये, पण सवयीस उत्तेजनही देऊ नये. चरकाचार्यांनी सद्‌वृत्तात नखे न वाजविण्यास, अस्थींवर आघात न करण्यास आणि अंगांच्या विगुण चेष्टा टाळण्यास सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनीही विगुण चेष्टेचा निषेध केला असून त्याच ठिकाणी फार वेळ उकिडवे बसू नये असेही म्हटले आहे. बोटे मोडण्याचा तेथे नामनिर्देश नाही, तथापि बोट आडवे पिळून, जोर लावून आवाज काढणे ही विगुण चेष्टाच होय. अशा अतिरेकी जोरामुळे स्नायूस इजा झाल्याची उदाहरणे क्वचित का होईना, वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

आमचे दोन अनुभव

व्यवसायाच्या पहिल्या वर्षांतील आमच्या दोन चुका येथे सांगणे उपयुक्त होईल.

एक शाळकरी मुलगा आईसोबत आला होता. कृश, चपळ, रूक्ष त्वचेचा, दिवसभर बोटे मोडणारा. त्यास वेदना नव्हती. आम्ही "वात आहे" असे सांगून तीन महिने गुग्गुळकल्प दिला. बोटे वाजावयाची ती वाजतच राहिली. आईने पैसे खर्च केले आणि आपल्या मुलाला हाडांचा रोग आहे अशी भीती तिने वर्षभर बाळगली. तो मुलगा वातप्रकृतीचा होता, रुग्ण नव्हता. ही चूक पैशाची व मनस्तापाची.

दुसरी चूक याहून गंभीर. सेलू तालुक्यातील एका खेड्यातून वेचणीस जाणारी, पस्तिशीतील एक बाई "बोटे वाजतात, आखडतात" म्हणून आली. वेचणीच्या दिवसांत अशा तक्रारी रोजच्या असल्याने आम्ही हात हाती न घेताच महानारायण तेलाचा अभ्यंग सांगितला. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली होती. सकाळी तासभर मूठ वळत नाही, अन्नावर वासना नाही, अंगात कणकण असते, हे तिने आम्ही विचारल्यावर सांगितले. पहिल्या दिवशी विचारले असते तर पहिल्याच दिवशी सांगितले असते. तो आमवात होता. सामावस्थेत स्नेहनाने वृद्धी होते हे आपण प्रथम वर्गापासून शिकतो आणि नेमके तेच आम्ही केले होते. अभ्यंग बंद करून लंघन, दीपन व वालुकास्वेद सुरू केला आणि रक्ततपासणी करून तिला संधिविकारतज्ज्ञाकडे पाठविले. रोग आटोक्यात आला, पण एका बोटाची वक्रता कायम राहिली. त्या तीन आठवड्यांमुळेच ती राहिली असे आम्ही म्हणू शकत नाही. त्या तीन आठवड्यांत ती बाई आमच्या भरवशावर होती, एवढे मात्र खरे.

पहिल्या रुग्णात आम्ही शब्दास रोग समजलो. दुसऱ्यात शब्दाकडे पाहताना रोग पाहावयाचे राहून गेले.

गुडघ्याचा शब्द

बोटांच्या शब्दाविषयी जो दिलासा देता येतो, तो गुडघ्याच्या बाबतीत सरसकट देता येत नाही. अमेरिकेत ३४९५ व्यक्तींवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की गुडघ्यात जितक्या वारंवार शब्द जाणवतो, तितकी पुढील काही वर्षांत वेदनायुक्त संधिझीज होण्याची शक्यता वाढते. "नेहमी वाजतो" असे सांगणाऱ्यांत ती "कधीच वाजत नाही" म्हणणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होती. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या, स्थूल किंवा सतत उकिडवे बसून काम करणाऱ्या व्यक्तीचा गुडघ्यातील घर्षणशब्द हा पूर्वसूचना समजावा. येथे लगेच औषधाची नव्हे, तर निदानपरिवर्जनाची गरज असते. वजन कमी करणे, निंदणाच्या कामात दर अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करणे, लहान पाटावर बसून काम करणे, मांडीच्या पुढील स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि निराम अवस्थेत तीळतेलाचा नित्य अभ्यंग हे उपाय स्वस्त आहेत व आपल्या रुग्णांना करता येण्याजोगे आहेत.

मान मोडणे : येथे सवलत नाही

केशकर्तनालयात डोक्याचे मालीश झाल्यावर शेवटी हनुवटी धरून मानेस झटका देण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. कडकड आवाज झाला की हलके वाटते, म्हणून लोक ते आनंदाने करून घेतात. याविषयी मात्र स्पष्ट निषेध करणे वैद्याचे कर्तव्य आहे. ग्रीवेत नीला, मन्या व मातृका ही सिरामर्मे असून शिर व ग्रीवा यांच्या संधीवर कृकाटिका हे मर्म आहे. मातृकांची गणना सद्यःप्राणहर मर्मांत आहे, तर कृकाटिकेच्या आघाताने मस्तक कंप पावते असे सुश्रुताचार्यांनी म्हटले आहे. मेंदूस रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतूनच वर जातात. अचानक पिळामुळे त्यांचे आतील अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. २०१७ साली दिल्ली परिसरात न्हाव्याकडे मान मोडून घेतल्यावर एका गृहस्थाच्या श्वासपटलाची चेतना गेल्याचे, तर २०२४ साली कर्नाटकातील बळ्ळारी येथे एका तरुणास पक्षाघात झाल्याचे वृत्त होते. असे प्रसंग विरळा असतात. पण हलके वाटण्याच्या क्षणभर सुखासाठी एवढी जोखीम घेण्यास काहीच कारण नाही.

मानेस झटका दिल्यानंतर तीव्र मानदुखी, भोवळ, वांती, तोल जाणे, बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास रुग्णास तेल चोळत न बसता तत्काळ रुग्णालयात न्यावे. सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आपल्या जिल्ह्यातच आहेत, ही आपल्या सोयीची गोष्ट होय.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पुष्कळ रुग्ण वैद्याकडे न येता सरळ औषधालयाच्या फळीपाशी उभे राहतात आणि "हाडे वाजतात, काहीतरी द्या" असे म्हणतात. अशा वेळी पुढील पाच प्रश्न विचारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

१. शब्दासोबत वेदना आहे काय?
२. संधीवर सूज किंवा उष्णता आहे काय?
३. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडल्यासारखे होते काय?
४. संधी मध्येच अडकतो किंवा एकाएकी निसटल्यासारखा होतो काय?
५. मार लागला होता काय, ज्वर आहे काय, वजन घटत आहे काय?

पाचही उत्तरे नाही अशी आली, तर ग्राहकास औषधाची आवश्यकता नाही. तीळतेलाची बाटली व धीराचे दोन शब्द पुरेत. एकही उत्तर होय असे आले, तर त्यास वैद्याकडे पाठवावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असल्यास तेलही देऊ नये.

महायोगराज गुग्गुळाविषयी विशेष सांगावयाचे आहे. या कल्पात नाग, वंग, रौप्य आदी भस्मे व रससिंदूर असते. योग्य रुग्णात, योग्य मात्रेत व वैद्याच्या देखरेखीखाली त्याचे स्थान आहे. परंतु केवळ बोटे वाजतात म्हणून वाढत्या वयाच्या मुलास किंवा गर्भवतीस नागभस्मयुक्त कल्प विकणे हे शास्त्रासही धरून नाही आणि सद्‌विवेकासही. तसेच बाजारहाटात मिळणाऱ्या, वेष्टनावर काहीच न लिहिलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत. एका रात्रीत वेदना थांबविणारी अशी पुडी घेणाऱ्याचा चेहरा काही महिन्यांनी सुजलेला दिसू लागला, तर कारण उघड असते. अशी पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असल्याने रुग्णास वैद्यकीय सल्ल्यासाठी धाडावे.

खऱ्या संधिगतवातात मात्र आपल्याजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. स्नेहन, स्वेदन, उपनाह, जानुबस्ती, तिक्तद्रव्यसिद्ध क्षीरबस्ती यांचा अनुभव आपणा सर्वांना आहे. पुणे येथील संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुंठी-गुडूचीयुक्त कल्प वेदनेच्या बाबतीत ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. त्याच अभ्यासात काही रुग्णांत यकृताच्या तपासणीतील अंक वाढल्याचेही प्रामाणिकपणे नोंदविले आहे. म्हणजे आपले औषध गुणकारी आहे आणि म्हणूनच ते निरपवादपणे निर्धोक समजून वाटता येत नाही. ज्याला व्याधी आहे त्याला ते मिळावे आणि ज्याला नाही त्याच्या गळी ते उतरवू नये, यातच त्या औषधाचाही मान आहे.

उपसंहार

सारांश, बोटे मोडल्याने संधी झिजतात याला आज पुरावा नाही, आणि ग्रंथांतही त्यास आधार नाही. वातप्रकृतीत शब्द हा स्वभाव आहे. मेदक्षयात तो इतर लक्षणांसह येतो. संधिगतवातात तो शूलासोबत असतो. गुडघ्याचा घर्षणशब्द ही पूर्वसूचना असू शकते आणि मानेला झटका देणे सर्वथा वर्ज्य होय.

आचार्यांनी हा शब्द श्रोत्राने परीक्षावयास सांगितला आहे. ऐकल्यानंतर रुग्णाचा हात आपल्या हाती घेऊन पाहणे आणि "सकाळी उठल्यावर मूठ वळते का?" एवढे विचारणे, हे त्याच परीक्षेचे उर्वरित अंग आहे. येत्या वेचणीच्या हंगामात आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक "बोटे वाजतात" म्हणणाऱ्या रुग्णास वैद्यमित्रांनी हा एक प्रश्न अवश्य विचारावा, ही नम्र विनंती.